पाम : औद्योगिक वसाहत आणि समुद्र यांच्यामधलं एक छोटं गाव नेमकं असतं तरी काय?

सर्चमध्ये 'पाम' असं टाइप केलं की आधी पाम तेल येतं, मग शोभेची झाडं. पालघर तालुक्यातलं पाम नावाचं गाव त्यानंतर कुठेतरी सापडतं. बोईसर स्टेशनला उतरून पश्चिमेला निघालात, तारापूर औद्योगिक वसाहतीतले टँकर आणि ट्रक मागे टाकत समुद्राच्या दिशेने गेलात, की याच पट्ट्यात पाम आहे. शेजारच्या टेंभीशी जोडून लोक 'पामटेंभी' असंही म्हणतात. जवळपास सालवड, कोलवडे, कुंभवली ही गावं आहेत आणि पुढे नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे अशी किनाऱ्यावरची रांग.

या गावांवर सहसा बातमी होते ती स्फोट झाला, विहिरीचं पाणी रंगीत झालं किंवा मासे मेले की. पण असं छोटं गाव बनतं कसं, त्याची हद्द कोण ठरवतं आणि आजूबाजूला कारखाने, अणुभट्टी, बंदर, बुलेट ट्रेन येत असताना त्या गावाचं नाव टिकतं कशाच्या जोरावर? पामच्या निमित्ताने हेच समजून घेऊया.

गाव, मौजे, ग्रामपंचायत, पाडा : फरक काय?

'तुमचं गाव कोणतं?' हा प्रश्न साधा वाटतो. पण सरकारी कागदावर गावाचे किमान तीन अर्थ होतात.

पहिला अर्थ म्हणजे महसुली गाव. जुन्या दस्तात 'मौजे पाम' असं लिहिलेलं दिसतं, ते हे. मौजे म्हणजे ठरलेल्या हद्दीतली सगळी जमीन. त्यात घरांचं गावठाण, शेती, गायरान, ओढे, रस्ते आणि पडीक जमीन असं सगळं येतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार गाव म्हणजे फक्त वस्ती नाही, त्या गावाची जमीनही गावातच मोजली जाते. सातबारा याच गावाच्या नावाने निघतो. 'सातबारा' हे नावही गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ या दोन नोंदींवरून आलं. नमुना ७ मध्ये मालकी आणि हक्क असतात, तर नमुना १२ मध्ये पीकपाणी.

दुसरा अर्थ म्हणजे ग्रामपंचायत. ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खाली चालते. एका ग्रामपंचायतीत एकच महसुली गाव असू शकतं किंवा दोन-चार छोटी गावं मिळून गट ग्रामपंचायत होते. त्यामुळे महसुली हद्द आणि पंचायतीची हद्द एकच असेल असं नाही.

तिसरा अर्थ लोकांच्या तोंडातला. पालघर-डहाणू भागात कुणी पत्ता सांगताना गावाच्या नावावर थांबत नाही. तो पाडा सांगतो, आळी सांगतो. पाडा म्हणजे मूळ गावठाणापासून थोडी दूर, बहुतेकदा एकाच समाजाची किंवा नात्यातल्या कुटुंबांची वस्ती. आदिवासी वस्ती असलेल्या भागात एका महसुली गावात आठ-दहा पाडे सहज असतात. नकाशावर त्यांना स्वतंत्र हद्द नसते. पण लग्न कुठलं, देव कुणाचा, पाणी कुठून भरायचं हे सगळं पाड्यावर ठरतं.

हा फरक कागदी वाटला तरी त्याचे परिणाम खरे असतात. पाण्याची टाकी गावठाणात बांधली की योजना 'गावात' पूर्ण झाली अशी नोंद होते, पाड्यावर नळ आला नाही तरी. याच अडचणीवर पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने, एक वाट दिली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये या कायद्याचे नियम केले. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रातला पाडा ठराव करून स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याची मागणी करू शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. पालघर तालुक्यातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, पण संपूर्ण तालुका येत नाही. त्यामुळे शेजारच्या दोन गावांना लागू होणारे नियम वेगळे असू शकतात.

आयर्लंडमध्ये याला काय म्हणतात?

जगात इतरत्रही असं एकक आहे. आयर्लंडमध्ये जमिनीच्या सर्वात लहान विभागाला 'टाउनलँड' म्हणतात. नावात 'टाउन' असलं तरी तिथे शहर नसतं. काही शेतं, दहा-वीस घरं, एखादी टेकडी किंवा दलदल, एवढाच पसारा. संपूर्ण आयर्लंड बेटावर असे ६० हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि एकाचं सरासरी क्षेत्र सव्वातीनशे एकरांच्या आसपास भरतं. आपल्या मध्यम आकाराच्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान.

ही नावं जुन्या आयरिश भाषेतली. ब्रिटिश राजवटीत १८२४ मध्ये आयर्लंडची मोजणी सुरू झाली आणि १८४६ पर्यंत सगळ्या बेटाचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे तयार झाले. उद्देश कर ठरवणं हा होता. मोजणी करताना नावं इंग्रजी वळणाने लिहिली गेली आणि तीच पक्की झाली. आपल्याकडेही तेच झालं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात रयतवारी मोजणी झाली, शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, गावांच्या हद्दीवर दगड बसले. बोलण्यातलं गाव कागदावर उतरलं ते सारा वसूल करण्यासाठी.

पुढचा धडा जास्त महत्त्वाचा आहे. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये टपाल खात्याने रस्त्याचं नाव, घर क्रमांक आणि पोस्टकोड अशी पत्त्याची पद्धत आणली. टाउनलँडचं नाव पत्त्यातून गळू लागलं. तेव्हा गावोगावी विरोध झाला आणि फर्मॅना या परगण्याने जुनी नावं टिकवून धरली. लोकांचं म्हणणं सोपं होतं : पत्त्यातून नाव गेलं की दोन पिढ्यांत आठवणीतूनही जातं.

भारतात पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. बोईसरचा ४०१५०१. आसपासची कितीतरी गावं या एका आकड्याखाली आली आणि बाहेरच्यांसाठी सगळंच 'बोईसर' झालं.

कारखान्यांच्या आधी हा पट्टा कसा होता?

पश्चिमेला समुद्र आणि खाड्या, मध्ये सपाट भातजमीन, पूर्वेला रेल्वे आणि त्यापलीकडे डोंगर-जंगल. या तीन पट्ट्यांवरच इथलं सगळं जुनं अर्थकारण उभं होतं.

किनाऱ्यावर मांगेला समाजाची मासेमारी. बोंबील इथलं मुख्य पीकच म्हणा. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत टाकलेल्या बोंबलांच्या रांगा आजही या किनाऱ्यावर दिसतात. थोडं आत आलं की वाडवळ, भंडारी, आगरी, कुणबी अशा समाजांची शेती आणि वाड्या. पूर्वेकडे आणि पाड्यांवर वारली, मल्हार कोळी आणि इतर आदिवासी समाज. खाडीलगतच्या खाजण जमिनीला बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि भात घ्यायचं. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. ताड आणि शिंदीच्या झाडांची ताडी. पावसानंतर वाळलेलं गवत स्टेशनजवळच्या वखारींत जायचं आणि तिथून मुंबईच्या तबेल्यांना. चिंचणी-तारापूर बाजूला दागिन्यांचे साचे, म्हणजे 'डाय', तयार करण्याचा घरगुती धंदा वाढला तो याच्याही नंतर.

मांगेली, वाडवळी, वारली या बोली इथे काही मैलांच्या अंतरात ऐकू येतात. एकाच बाजारात मासळी विकणारी बाई, वाल विकणारी बाई आणि रानभाजी विकणारी बाई तीन वेगळ्या वळणांची मराठी बोलत असते.

इतिहासात हे गाव कुठे बसतं?

छोट्या गावांचा इतिहास बहुतेकदा शेजारच्या मोठ्या गावाच्या नावाने लिहिला जातो. या भागात ते मोठं गाव म्हणजे तारापूर.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे हा उत्तर कोकणचा किनारा त्यांच्या ताब्यात गेला. तारापूर, केळवे-माहीम, वसई अशी किल्ल्यांची साखळी तयार झाली. दोनशे वर्षांनी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी तारापूरचा किल्ला जिंकला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे सरदार मारले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात वसईही पडली. १८१७-१८ नंतर हा भाग इंग्रजांकडे गेला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात हा माहीम तालुका होता. आजचा पालघर तालुका तो हाच. १८६४ मध्ये मुंबई-गुजरात रेल्वे सुरू झाली आणि व्यवहाराचं केंद्र बंदरांकडून स्टेशनांकडे सरकलं. तारापूर मागे पडलं आणि पालघर, बोईसर पुढे आले.

१४ ऑगस्ट १९४२ ही तारीख मात्र इथल्या छोट्या गावांची स्वतःची आहे. 'चले जाव' आंदोलनात पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. काशिनाथ हरी पागधरे सातपाटीचे, गोविंद गणेश ठाकूर नांदगावचे, रामचंद्र महादेव चुरी मुरब्याचे, सुकुर गोविंद मोरे सालवडचे आणि रामप्रसाद भीमाशंकर तिवारी पालघरचे. यातली सालवड आणि नांदगाव ही पामच्या परिसरातलीच गावं. पालघरच्या हुतात्मा चौकात आजही दरवर्षी या दिवशी अभिवादन होतं.

स्वातंत्र्यानंतर जमिनीची मालकी बदलली. १९४८ चा कूळ कायदा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' यामुळे कसणारी कुळं कायद्याने जमीनमालक होऊ शकली. पण अनेक घरांत हा आनंद जेमतेम एक पिढी टिकला, कारण पुढच्या काही वर्षांतच याच जमिनींवर मोठे प्रकल्प येणार होते.

'तारापूर' नावाखाली नेमकं काय काय आलं?

ऑक्टोबर १९६४ मध्ये तारापूर अणुऊर्जा केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. पुढे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या, चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये. पहिल्या दोन २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबवण्यात आल्या.

दुसरीकडे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सत्तरच्या दशकात बोईसरच्या पश्चिमेला औद्योगिक वसाहत उभी केली. रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद असे कारखाने आले. या वसाहतीचं नावही 'तारापूर'.

गंमत अशी की अणुऊर्जा केंद्र घिवली, अक्करपट्टी, पोफरण या गावांच्या परिसरात उभं राहिलं. औद्योगिक वसाहत बोईसरला लागून असलेल्या गावांच्या शिवारात पसरली. मूळ तारापूर गाव या दोन्हींपासून वेगळं, उत्तरेला, खाडीच्या काठावर आहे. म्हणजे जमीन दिली एकाने आणि नाव झालं दुसऱ्याचं. कंपनीच्या पत्त्यावर प्लॉट नंबर आणि 'एमआयडीसी तारापूर' एवढंच असतं. प्लॉटच्या खाली कोणत्या गावाची भातशेती होती, हे पत्त्यात राहिलेलं नाही.

मग गावाला मिळालं काय, गेलं काय?

मिळालं ते नाकारता येत नाही. नोकऱ्या आल्या, रस्ते आले, शाळा-दवाखाने वाढले. एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून कामगार आले. गावात चाळी उभ्या राहिल्या आणि भातशेती करणारी काही घरं भाड्याच्या उत्पन्नावर जगू लागली. २०११ च्या जनगणनेत एकट्या बोईसरची लोकसंख्या ३६ हजारांवर गेली होती. तेव्हाही तिथे नगरपरिषद नव्हती, कारभार ग्रामपंचायतच पाहत होती. शहराइतका कचरा, शहराइतकं सांडपाणी आणि यंत्रणा मात्र गावाची, ही या पट्ट्याची मोठी अडचण.

गेलं काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये सर्वाधिक प्रदूषित ठरलं. गुण होते १०० पैकी ९३.६९. ७० च्या वर गेलं की क्षेत्र 'अतिप्रदूषित' धरलं जातं. कारण समजायला सोपं आहे. कारखान्यांचं सांडपाणी एकत्र करून शुद्ध करणारं सामायिक केंद्र दिवसाला अडीच कोटी लिटर क्षमतेचं होतं आणि येणारं पाणी त्याहून जास्त. हे पाणी वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. म्हणजे वाहिनी गळली तर शेती आणि विहिरी, नाही गळली तर समुद्र. दोन्ही बाजूंनी झळ बसते ती वसाहत आणि किनारा यांच्यामधल्या गावांना.

याविरोधात अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर उद्योगांना मिळून दीडशे कोटींहून जास्त पर्यावरणीय भरपाई भरायला सांगितली. त्यानंतर हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा लढा एखाद्या मोठ्या शहरी संस्थेने सुरू केला नव्हता. ज्यांच्या जाळ्यात मासे कमी येऊ लागले, त्या समाजाची संघटना पुढे आली.

धोका हवेतही आहे. मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मध्ये वसाहतीत झालेल्या मोठ्या स्फोटांत कामगारांचे जीव गेले. शिवाय अणुऊर्जा केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन क्षेत्र असतं. पाम त्यात येतं. रासायनिक वसाहत आणि अणुभट्टी यांच्यामध्ये राहणाऱ्या गावाला दोन वेगळ्या आपत्तींत काय करायचं हे माहीत असावं लागतं. वायुगळतीत वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचं. किरणोत्साराच्या इशाऱ्यात मात्र सूचना येईपर्यंत घरात, दारं-खिडक्या लावून थांबायचं.

गाव हललं तर काय होतं?

याचं उत्तर शेजारी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली. त्यांचं पुनर्वसन बोईसर परिसरात झालं आणि नव्या वसाहतींना तीच जुनी नावं मिळाली. घरं मिळाली, रस्ते आखून मिळाले. पण पुनर्वसनाच्या अपुऱ्या सोयींचा, नोकऱ्यांचा आणि भरपाईचा वाद वर्षानुवर्षं चालला.

यातली सर्वात न भरून येणारी गोष्ट अंतराची होती. मच्छीमाराचं घर समुद्रापासून दूर नेलं की त्याला घर मिळतं, पण बंदर मिळत नाही. जाळी कुठे वाळवायची, होडी कुठे ओढायची, भरती-ओहोटी बघायला पहाटे कुठे जायचं? सातबाऱ्यावर समुद्राची नोंद नसते. त्यामुळे भरपाईत समुद्र धरला जात नाही. गाव म्हणजे घरांची बेरीज, असा हिशेब केला की हे निसटतं.

आता पुढे काय येतंय?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या महाराष्ट्रातल्या चार स्थानकांपैकी एक बोईसरला आहे. डहाणू तालुक्यात वाढवण बंदराला १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. मालवाहू रेल्वेमार्ग आणि विरार-डहाणू चौपदरीकरण ही कामंही याच पट्ट्यातून जातात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर स्वतंत्र जिल्हा झाल्यावर शहरीकरणाचा वेग आधीच वाढला होता.

त्यामुळे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पामसारख्या गावांच्या हद्दीचे, जमिनींचे आणि नावांचे निर्णय होतील. त्या वेळी कागदावर काय लिहिलेलं आहे, हे फार महत्त्वाचं ठरेल.

तुमच्या गावाची नोंद तुम्ही कशी तपासाल?

- सातबारा आणि ८अ : महाभूमी संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतात. नाव, क्षेत्र आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कूळ, कर्ज, संपादनाची नोंद तिथेच असते.
- फेरफार : सातबाऱ्यावरच्या प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक असतो. आजोबांच्या काळातली जमीन कुणाकडून कुणाकडे गेली, हे फेरफार मागे मागे वाचत गेलं की कळतं. घराण्याचा इतिहासच म्हणा.
- गावनकाशा : शिवेवरची गावं, ओढे, जुने पाणंद रस्ते यात दिसतात. आज बुजलेला ओढा नकाशात असेल तर तो पुरावा असतो.
- गावठाणातलं घर : सातबारा शेतीचा असतो, गावठाणातल्या घराला तो नसतो. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक दिलं जातं.
- ग्रामसभा : पाड्याचं नाव, विहीर, स्मशानभूमी, देवस्थान, होडी लावायची जागा यांचा उल्लेख ग्रामसभेच्या ठरावात आणून ठेवा. कुठल्याच नमुन्यात नसलेली गोष्ट लेखी आणायचा हा सर्वात सोपा मार्ग आहे.

आयर्लंडमध्ये लोकांनी पत्त्यातल्या एका ओळीसाठी भांडण केलं, कारण त्या ओळीत त्यांचं शेत, शेजार आणि पूर्वज होते. पामचं नाव अजून पत्त्यात आहे, सातबाऱ्यावर आहे आणि रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर 'बोईसर' एवढ्यावर थांबू नका. गाव सांगा, पाडा सांगा, आळीही सांगा.